मिक्सर जळलेला नाही, कार्बन संपलाय

मिक्सर बंद पडला की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘जळला वाटतं.’ दुसरं त्याहून ठरलेलं, ‘दहा वर्षं झाली की त्याला, आता नवाच घेऊ.’ या दोन वाक्यांच्या मधे एक साधं काम राहून जातं. मिक्सर उलटा करायचा आणि बुडाशी असलेलं लाल बटण दाबून बघायचं. मोटरवर भार जास्त झाला की हे बटण आपोआप उडतं, वीज तुटते आणि मोटर वाचते. भिजवलेली डाळ भांड्याच्या गळ्यापर्यंत भरली आणि पाणी घालायचं विसरलं की ते उडणारच. मोटर थोडी थंड होऊ द्यायची, बटण दाबायचं, मिक्सर पुन्हा सुरू. कुठल्याही मिक्सरवाल्याला विचारा, अशी गिऱ्हाइकं त्याच्याकडे नेहमी येतात. एखादा पैसे घेत नाही, एखादा चहापुरते घेतो. त्यात गैर काही नाही. बटण कुठे आहे हे माहीत असणं हीसुद्धा विद्याच आहे.

समजा, बटण दाबूनही काही झालं नाही. तर पुढे काय करायचं ते मी पुण्याच्या कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी पाहिलं. एरवी तिथे वाढदिवस आणि हळदीकुंकू होतात. त्या दिवशी चार टेबलं मांडली होती, प्रत्येकावर जुनं वर्तमानपत्र, एक एक्स्टेंशन बोर्ड आणि स्टीलच्या वाटीत सुटे स्क्रू. दारापाशी कॉलेजात जाणारी एक मुलगी वही घेऊन बसली होती. ती प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायची. वस्तू कोणती? नेमकं काय झालं? आधी कोणी उघडली होती का? तिसऱ्या प्रश्नावर बरेच नवरे गप्प व्हायचे.

मधल्या टेबलावर एक काका होते. पिंपरीतल्या कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात त्यांची नोकरी झालेली. समोर मिक्सर, शेजारी मिक्सरची मालकीण. इथला नियमच असा की वस्तू ठेवून निघून जायचं नाही, शेजारी बसायचं.

‘ताई, बंद पडायच्या आधी आवाज कसा यायचा?’

‘आवाज नेहमीसारखाच. पण आत ठिणग्या दिसायच्या. वासही यायचा. मग एक दिवस गप्पच झाला.’

‘मग जळलेला नाही. कार्बन संपला असणार.’

काकांनी मिक्सर पालथा केला आणि तळाचे रबरी पाय नखाने उचकटले. स्क्रू त्यांच्याखाली दडलेले असतात. मालकिणीला हे नवीन होतं. तळ निघाला तसं पिवळट पिठाचं आणि मसाल्याचं एक पुट खाली पडलं. मोटरच्या दोन्ही बाजूंना पितळी खाचा असतात, त्यांत स्प्रिंगच्या जोरावर बसलेल्या कार्बनच्या दोन कांड्या. मोटरचा फिरणारा भाग मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतो आणि त्याला वीज पोचवायची ती याच कांड्यांनी, सतत घासत राहून. त्या झिजतात, कारण त्या झिजण्यासाठीच केलेल्या असतात. या मिक्सरमधल्या कांड्या इतक्या आखूड झाल्या होत्या की स्प्रिंग त्यांना पुढे रेटूच शकत नव्हती. काकांनी फिरत्या भागावरची काजळी बारीक पॉलिश पेपरने पुसली, तपकीर गल्लीच्या बाजारातून आणलेली नवी जोडी बसवली आणि मिक्सर थेट भिंतीच्या प्लगला न लावता आधी ‘सिरीज’ला लावला. सिरीज म्हणजे लाकडी फळीवर शंभर वॅटचा जुना तारेचा दिवा, त्याच्यातून वाट काढतच वीज यंत्रात जाते. दिवा भगभगून पेटला तर आत शॉर्ट आहे, अजिबात पेटला नाही तर तार कुठेतरी तुटलेली आहे, मंद पेटला तर ठीक. तो मंद पेटला. मग भिंतीचा प्लग. मिक्सर फिरला. सुरुवातीला थोड्या ठिणग्या उडाल्या. ‘नवा कार्बन बसेपर्यंत उडतात, घाबरू नका,’ काका म्हणाले.

जोडीची किंमत दोन वडापावांच्या आसपास. नवा मिक्सर तीन-चार हजारांच्या घरात. जो भाग बदलण्यासाठीच बनवलेला आहे, तो बदलायचा असतो हे माहीत नसल्यामुळे तांब्याचं वाइंडिंग, लोखंडी गाभा आणि तीन स्टीलची भांडी भंगारात जातात. वरचा रबरी किंवा प्लॅस्टिकचा कपलर हाही त्याच जातीचा. भांडं अडकलं तर आधी कपलर तुटावा आणि मोटर वाचावी अशी ती योजना असते. कपलर तुटला म्हणून मिक्सर काढून टाकणारी माणसं मी पाहिली आहेत.

अशा बैठकांना जगभर ‘रिपेअर कॅफे’ म्हणतात. मार्टिने पोस्टमा या डच पत्रकार महिलेने १८ ऑक्टोबर २००९ रोजी अ‍ॅमस्टरडॅममध्ये पहिला कॅफे भरवला. कल्पना अगदी साधी होती. हातात कसब असलेली माणसं आणि बिघडलेल्या वस्तू असलेली माणसं एका खोलीत आणायची, मधे कॉफी ठेवायची, पैसे घ्यायचे नाहीत. पुढे त्याची संस्था झाली, नियमावली झाली, आणि आज असे कॅफे जगभरात दोन हजारांहून अधिक ठिकाणी भरतात. आपल्याकडे बंगळुरूमध्ये २०१५ साली अंतरा मुखर्जी आणि पूर्णा सरकार यांनी ते सुरू केले. तिथून हे वारं इतर शहरांत गेलं.

कॅफेचं कौतुक करायला हरकत नाही, मीही करतोच. पण हॉलमधून बाहेर पडून पाच मिनिटं चाललो आणि मुख्य रस्त्याच्या कोपऱ्यावर एक टपरी दिसली. ‘मिक्सर, इस्त्री, गिझर, पंखे दुरुस्त करून मिळतील.’ आत एक जण इस्त्रीचं कॉइल बदलत होता. रविवार असूनही दुकान उघडं होतं, आणि गिऱ्हाईक एकही नव्हतं.

नेदरलँड्समध्ये असा माणूस कोपऱ्यावर फारसा उरलेला नाही. तिथे माणसाच्या तासाला जो दर द्यावा लागतो, त्यात नवी इस्त्री येते. त्यामुळे दुरुस्तीचा धंदा मेला आणि ती पोकळी स्वयंसेवकांनी भरली. आपल्याकडे पोकळी नाही. माणूस आहे, टपरी आहे, कसब आहे. गिऱ्हाईक तेवढं कमी होत चाललंय. अशा वेळी आपण हॉलमध्ये फुकटात मिक्सर दुरुस्त करून द्यायला लागलो, तर कचरा कमी होईलच, पण तो कोणाच्या पोटावर पाय देऊन, हा प्रश्न विचारायला हवा. कोथरूडच्या त्या हॉलमध्ये मी तो विचारला. काका जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘माझं पेन्शन आहे. त्याचं काय?’

हा प्रश्न नवा नाही. दुरुस्ती हे आपल्या समाजात कायम कोणाचं तरी काम होतं, आणि ते कोणाचं हे जन्माने ठरत होतं. नांगराचा फाळ शेवटणं, मोटेचं चामडं शिवणं, गाडीचं चाक बांधणं ही बलुतेदारांची कामं. लोहार, सुतार, चांभार यांना त्यांचं मोल सुगीला धान्याच्या रूपात मिळायचं, तेही मालकाच्या मर्जीने. शहरात आल्यावर त्याची रूपं बदलली. पिंजारी खांद्यावर धनुकली टाकून यायचा आणि गादीतला बसलेला कापूस फुलवून द्यायचा. टाकीवाल्या बायका पाट्या-वरवंट्याला टाकी लावून द्यायच्या. बोहारीण जुन्या लुगड्यांवर भांडं द्यायची आणि तिच्याशी घासाघीस करणं हा दुपारचा खेळ असायचा. आपली आई-आजी काही फेकत नसत, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते खरंही आहे. पण दुरुस्ती स्वस्त होती ती दुरुस्त करणारा गरीब होता म्हणून, हेही त्याच दमात सांगायला हवं. काटकसर आपली होती, किंमत तो मोजत होता.

कल्हईचं उदाहरण घ्या. पितळेच्या पातेल्यात आंबट आमटी ठेवली की ती कळकते. म्हणून आतून कथलाचा मुलामा. कल्हईवाला रस्त्याच्या कडेला खड्डा करायचा, भाता लावायचा, भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर उठायचा आणि मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एका गिरकीत सगळं भांडं चांदीसारखं. बघणाऱ्या पोरांना ती जादू वाटायची. पण तो धूर कल्हईवाल्याच्या छातीत रोज जायचा. स्टेनलेस स्टील आलं आणि हा धंदा आटला, त्याबद्दल हळहळ वाटावी हे बरोबर. पण त्याच्या मुलाला त्या धंद्यात राहायचं होतं का, हे कुणी विचारलेलं नाही. आता तांब्या-पितळेची भांडी पुन्हा दिवाणखान्यात आली आहेत. पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी अजून मठारकामाच्या ठोक्यांनी जागी असते, आणि कल्हई करून हवी असणारी माणसं फोनवर पत्ता विचारत फिरतात. मागणी परत आली, ती कारागिराला सोसेल त्या किमतीला. हे मला जास्त आवडतं.

दुरुस्ती मागे पडली ती नुसत्या आळसामुळे नाही. वस्तू ज्या पद्धतीने बनतात ती पद्धतच बदलली. याचा एक जुना नोंदलेला दाखला दिव्याचा आहे. १९२४ साली जिनिव्हात ओसराम, फिलिप्स आणि इतर बड्या दिवा उत्पादकांनी ‘फीबस’ नावाचा संघ केला आणि दिव्याचं आयुष्य हजार तासांवर आणायचं ठरवलं. त्याआधीचे दिवे याहून जास्त टिकत. जास्त तास टिकणारा दिवा काढणाऱ्या सभासद कंपनीला दंड होता. आज कोणी असा लेखी करार करत नाही, त्याची गरजही उरलेली नाही. स्क्रूऐवजी गोंद लावला, बॅटरी आत चिकटवून टाकली, सुटा भाग बाजारात पाठवलाच नाही, की काम होतं.

एलईडी दिवा बघा. आत गोल पत्र्यावर पिवळे चौकोनी ठिपके असतात, एकापुढे एक साखळीने जोडलेले. त्यातला एक जळला की सगळे विझतात. दिवा उघडलात तर जळलेल्या ठिपक्याच्या मधोमध एक बारीक काळा डाग दिसतो. गल्लीतला मुलगा तेवढ्या ठिपक्यावर सोल्डरचा थेंब टाकून तो ओलांडून देतो आणि दिवा लागतो. बाकीच्यांवर भार थोडा वाढतो, म्हणून तो पहिल्याइतका टिकत नाही, पण काही महिने काढतो. तालुक्याच्या गावांत ही दुरुस्ती सर्रास चालते. शहरातल्या सोसायटीत तोच दिवा सुक्या कचऱ्यात जातो. पुष्कळदा ओल्यात.

पंख्याची गोष्ट थोडी वेगळी, आणि दुरुस्तीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ती लपवू नये. जुना छताचा पंखा हळू फिरायला लागला तर बहुतेक वेळा त्याचा कंडेन्सर गेलेला असतो. अडीच मायक्रोफॅरडचा तो छोटा डबा बदलला की पंखा पुन्हा जोरात. कोणताही वायरमन दहा मिनिटांत करून देतो. पण तो पंखा पंचाहत्तर वॅट वीज खातो आणि नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. रोज बारा तास चालणाऱ्या पंख्यात वर्षाला दीडशेहून अधिक युनिटांचा फरक पडतो. तिथे नवा घेणं शहाणपणाचं ठरू शकतं. मात्र नव्या पंख्यात सर्किट बोर्ड आहे. तो गेला की गल्लीतला वायरमन हात टेकतो, बोर्ड कंपनीकडूनच येतो, आणि हमी संपल्यावर तो मिळेल का हे कंपनीच जाणे. वीज वाचवणारी वस्तू दुरुस्तीच्या बाहेर जाणारी असावी असा निसर्गनियम नाही. ती तशी बनवली जाते.

ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२मध्ये निधी खरे यांच्या अध्यक्षतेखाली दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टु रिपेअर’ पोर्टल सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं या चार क्षेत्रांतल्या कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती, सुटे भाग, सेवा केंद्रं तिथे मांडायची अशी योजना. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. माहिती न देणाऱ्याला त्यात फार काही होत नाही. २०२५ साली मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंना दुरुस्तीचे गुण देण्याचा आराखडा दुसऱ्या एका समितीने सादर केला. फ्रान्समध्ये असे गुण जानेवारी २०२१पासून दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीशेजारी छापावे लागतात, दहापैकी किती ते. उपकरण किती सहज उघडतं, त्याचे भाग किती वर्षं मिळतील, ते केवढ्याला मिळतील, हे गिऱ्हाईक पैसे मोजण्याआधी बघतं. आणि ऑस्ट्रियाने २०२२ साली जे केलं ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. विजेच्या उपकरणाच्या दुरुस्तीचं निम्मं बिल, जास्तीत जास्त २०० युरोपर्यंत, सरकारने भरायचं ठरवलं. पैसा थेट दुरुस्त करणाऱ्याच्या गल्ल्यात. त्याला कोणी समाजसेवक म्हटलं नाही, धंदेवाईक म्हणूनच जगू दिलं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर फेकलेली वस्तू कुठेतरी जाते म्हणून. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला नोंद होऊन नीट पुनर्प्रक्रियेला गेला तो फक्त २२.३ टक्के. साधारण तिसरा हिस्सा लहान उपकरणांचा आहे, म्हणजे मिक्सर, टोस्टर, केटली, शेव्हर, खेळणी. मोठ्या वस्तूंपेक्षा या परत येण्याचं प्रमाण आणखी कमी, कारण त्या कचऱ्याच्या पिशवीत मावतात. फ्रिज कोणी पिशवीत टाकत नाही.

पुण्यात ही पिशवी कोणाच्या हातात जाते ते सांगायला हवं. १९९३ साली बाबा आढावांच्या पुढाकाराने आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या पूर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण अशा कार्यकर्त्यांच्या कामातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तोवर कचरा वेचणाऱ्या बायकांना पोलीस चोर समजत आणि नागरिक त्यांच्याकडे बघतही नसत. पंचायतीने त्यांना ओळखपत्र मिळवून दिलं. पुढे याच वेचकांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ साली पुणे महापालिकेशी तिचा करार झाला. दारोदार येऊन कचरा नेणाऱ्या ताई त्या संस्थेच्या सभासद आहेत, नोकर नाहीत. वापरण्याजोग्या जुन्या वस्तूंसाठी ‘स्वच्छ’ची ‘व्ही-कलेक्ट’ ही वेगळी सेवा आहे. फोन करायचा, वस्तू नेल्या जातात, चालणाऱ्या वेगळ्या निघतात, उरलेल्या भंगारात जातात. तुटकी ट्यूबलाइट आपण ओल्या कचऱ्यात घालतो तेव्हा ती हातमोज्याशिवायच्या कोणत्या हातात जाणार आहे, हे आता आपल्याला नावानिशी माहीत असतं. निदान असायला हवं.

भंगारवाल्याच्या पुढचा प्रवास आणखी खडतर. मिक्सरमधलं तांबं मिळवायचं तर वाइंडिंगवरचा लेप काढावा लागतो, आणि त्याची सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे उघड्यावर जाळणं. सर्किट बोर्डातला मौल्यवान धातू काढायला आम्ल वापरतात. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर वस्तूची शेवटपर्यंतची जबाबदारी टाकली आहे आणि नोंदणीकृत प्रक्रिया केंद्राशिवाय हे काम करायला मनाई आहे. कागदावर चांगलं आहे. पण वस्तू केंद्रापर्यंत पोचवायला मधे कोणीतरी लागतं, आणि स्वयंसेवकाचं खरं काम मला इथे दिसतं. पुण्यात पूर्णम इकोव्हिजन ही संस्था शहरभर ई-कचरा आणि प्लॅस्टिक संकलनाच्या मोहिमा घेते. एका दिवसात अनेक ठिकाणी टेबलं मांडायची, वस्तू घ्यायच्या, त्यातले दुरुस्त होतील ते संगणक शाळांना द्यायचे, उरलेलं प्रक्रियेला. अशा मोहिमेत सोल्डरिंग येणाऱ्यापेक्षा टेम्पो वेळेवर आणणाऱ्याची किंमत जास्त असते.

वस्तू नुसत्या गोळा करून भागत नाही, हे कपड्यांच्या टेबलावर अजून ठळक कळतं. एका सोसायटीत जुने कपडे गोळा करण्याच्या दिवशी वर्गवारीला मी बसलो होतो. पिशव्या उघडल्या तशी एकेका घराची दिवाळीची साफसफाई बाहेर आली. इस्त्री केलेले शर्ट होते, घडी न मोडलेल्या साड्या होत्या, त्या देणाऱ्याला मनापासून नमस्कार. पण त्याच ढिगात इलॅस्टिक गेलेले पायजमे, घामाचे डाग पडलेल्या बनियनी, एका पायाचा बूट आणि ओल्या टॉवेलात गुंडाळलेलं कुत्र्याचं जाकीटही निघालं. शेजारी बसलेल्या काकूंनी जाकीट दोन बोटांनी उचललं आणि विचारलं, ‘हे कोणाला द्यायचंय म्हणे?’ आपण फेकायला धजत नाही म्हणून दान करतो, ही आपली जुनी खोड आहे. पुण्य देणाऱ्याला आणि कचरा घेणाऱ्याला. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली दिल्लीत ‘गूंज’ सुरू केली ती या खोडीला वैतागूनच की काय असं वाटावं. गूंज गावातल्या लोकांना कपडे भीक म्हणून देत नाही. गावकरी विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात, आणि कपडे त्या कामाचं मोल म्हणून मिळतात. अगदी विरलेल्या सुती कापडाचेही तिथे पाळीसाठीचे पॅड होतात. म्हणजे कापड धुऊन, सुकवून, बटणं लावून द्यायची पहिली पायरी आपल्या घरातच आहे. शर्टाचं बटण लावायला तीन मिनिटं लागतात. बॅगेची चेन उसवली असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेकदा नुसता रनर सैल झालेला असतो, तो पकडीने हलका दाबला की दाते पुन्हा बसतात.

पुन्हा त्या हॉलकडे येतो, कारण काकांचा प्रश्न तिथेच राहिला होता. पुढच्या बैठकीत त्यांनी स्वतःच त्याचं उत्तर काढलं. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला त्यांनी बोलावलं, पण स्वयंसेवक म्हणून नाही. सोसायटीने त्याला सकाळच्या चार तासांचं मानधन दिलं, सुट्या भागांचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे. काका आणि कॉलेजची मुलं नुसती निदान करत होती. बटण उडालंय, वायर तुटलीय, प्लगचा स्क्रू सैल आहे, अशा गोष्टी तिथल्या तिथे. वाइंडिंग, कॉइल, थर्मल फ्यूज निघाला की टपरीवाल्याकडे. जे टेबलावर होणार नाही ते त्याच्या दुकानात, त्याच्या दराने. तो आधी अवघडून बसला होता. तासाभराने केटलीतला जळका फ्यूज मल्टिमीटर लावून पोरांना दाखवू लागला. ‘बीप आला का? नाही ना? मग हा मेला.’ पोरं त्याला ‘दादा’ म्हणत होती आणि त्याच्याभोवती सगळ्यात जास्त गर्दी होती.

काही वस्तू मात्र त्या टेबलावर घ्यायच्याच नाहीत, असंही त्यानेच बजावलं. मायक्रोवेव्हचा प्लग काढला तरी त्यातल्या कंडेन्सरमध्ये जीव घेण्याइतका भार उरलेला असू शकतो. जुन्या डब्बा टीव्हीचंही तेच. फुगलेली मोबाइलची बॅटरी टोचली की पेट घेते. गॅसचा गिझर कंपनीच्या माणसाशिवाय उघडायचा नाही. हौशी माणसाचा उत्साह इथे आवरलेला बरा, आणि बैठक भरवणाऱ्यांनी हे चार नियम दारावरच लावावेत.

माझं मत विचाराल तर आपल्याकडे रिपेअर कॅफेने दुरुस्तीचा धंदा करू नये. त्याने गिऱ्हाईक तयार करावं. मिक्सर उघडताना शेजारी बसलेल्या बाईंना कार्बन म्हणजे काय ते एकदा कळलं, की पुढच्या वेळी त्या नवा मिक्सर घ्यायला जाणार नाहीत, टपरीवर जातील. आणि तिथे काय विचारायचं तेही त्यांना माहीत असेल. फुकट दुरुस्त झालेल्या चार वस्तूंपेक्षा हे जास्त टिकाऊ आहे. केंद्र सरकारच्या २०२३मधल्या एका मोहिमेत महापालिकांनी जागोजागी जुन्या वस्तूंची संकलन केंद्रं उघडली. त्यांतल्या प्रत्येक केंद्राशेजारी एका मिस्त्रीला भाड्याशिवाय टेबल दिलं तर महापालिकेचा खर्च फारसा वाढणार नाही, कचरा मात्र नक्की घटेल. सुट्या भागांच्या बाबतीत पुण्यात तपकीर गल्ली, पासोड्या विठोबाजवळची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं, मुंबईत लॅमिंग्टन रोड, हे बाजार आपलं मोठं धन आहे. कंपनी जो भाग देत नाही तो तिथे कुठल्या तरी डब्यात असतोच. शहर नियोजनाच्या नकाशात या गल्ल्या फक्त वाहतुकीची अडचण म्हणून दिसतात.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून ज्या वस्तू खाली येतील, त्या लगेच जिन्याखाली ठेवू नका. बंद पडलेल्या एका बाजूला काढा, चालणाऱ्या पण नको असलेल्या दुसऱ्या. कपडे धुऊन द्या, फुटकी काच आणि ट्यूबलाइट वेगळ्या कागदात बांधून वर लिहा, सेल आणि चार्जर डब्यात साठवून ई-कचऱ्याच्या मोहिमेत द्या. आणि तुमच्या भागातला मिक्सरवाला, रफूवाला, छत्रीवाला, चांभार, कुकर दुरुस्त करणारा, यांचे फोन नंबर त्यांना विचारून घेऊन सोसायटीच्या फलकावर लावा. बंद पडलेला मिक्सर टपरीवर न्या. मजुरी सांगितली की घासाघीस करू नका.